इकडे हिरवं आहे

इस्पितळात त्यांना सगळे तबकडीसाहेब म्हणत. छताला चिकटवलेल्या बशीएवढ्या पांढऱ्या डब्यांतून वायफाय येतं. आया आणि वॉर्डबॉय त्या डब्यांना केव्हातरी तबकड्या म्हणू लागले, आणि त्यांची देखभाल करणारा माणूस आपोआप तबकडीसाहेब झाला. चालताना साहेबांची मान कायम वर. समोरून येणाऱ्या स्ट्रेचरवर स्वतः आदळले तरी तेच म्हणायचे, "जरा बघून चालवा की!" राग सदैव नाकाच्या शेंड्यावर. पण खरं सांगायचं तर त्यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. त्यांच्या खुर्चीत एखादा संत आणून बसवला असता, तरी आठवडाभरात त्यानंही टेलिफोन भिंतीवर आपटला असता.

कारण लोक फोन करून दोनच शब्द बोलत: "नेट नाही." कुठल्या खोलीत, कशावर, कधीपासून, काही म्हणजे काही नाही. एकदा हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी याच दोन शब्दांवरून आकाशपाताळ एक केलं. साहेब धापा टाकत वर गेले, तर डॉक्टरांचा फोन विमानात ठेवतात तसा बंद करून ठेवलेला. "मग हे आधी सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. कुणी, कुणाला आणि काय आधी सांगायचं होतं, हे साहेबांना आजतागायत कळलेलं नाही.

यावर साहेबांनी एक उपाय काढला होता. त्यांची खोली तळघरात, लाँड्रीला लागून. भिंतीपलीकडची यंत्रं चादरी घुसळत असली की त्यांच्या टेबलावरचा चहाही थरथरायचा. त्या खोलीत एक मोठा पडदा होता, पडद्यावर मजल्यांचे नकाशे आणि प्रत्येक तबकडीच्या जागी एक ठिपका. तबकडी जिवंत असेल तर ठिपका हिरवा, मेली तर लाल. फोन आला की साहेब पडद्याकडे एक नजर टाकत, म्हणत, "इकडे हिरवं आहे," आणि रिसीव्हर ठेवून देत. बहुतेक वेळा खोट खरोखरच समोरच्याच्या फोनमध्ये निघायची. त्यामुळे त्या हिरव्या रंगावर त्यांचा बायकोपेक्षाही जास्त विश्वास बसला होता, आणि बायकोला ते चांगलं ठाऊक होतं.

घरीही तेच. जेवताना ती काही सांगत असली की साहेबांचं लक्ष असायचं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"तुमचं ना, कान सगळीकडे आणि उत्तर कुणालाच नाही," ती म्हणायची आणि आमटीचं भांडं जरा जोरात खाली ठेवायची.

अशा माणसाच्या डोक्यावर नवं काम येऊन पडलं ते कॅप्टनमुळे. कॅप्टन म्हणजे इस्पितळाच्या सुरक्षेचे प्रमुख. ते खरंच कधी कॅप्टन होते की नाही, देव जाणे, पण मिशा आणि आवाज दोन्ही त्या हुद्द्याला शोभणारे होते. दुसऱ्या कुठल्याशा इस्पितळात म्हणे कुणीतरी भिंतीतल्या नेटच्या सॉकेटला स्वतःचं यंत्र जोडलं आणि त्या वाटेनं रुग्णांची सगळी माहिती बाहेर गेली. झालं, कॅप्टननी साहेबांना बोलावून घेतलं.

"आपल्या इमारतीच्या हवेत काय काय चाललंय, ते मला कळलं पाहिजे. सगळे चॅनेल. सतत."

साहेबांनी मन शक्य तितकं शांत ठेवून समजावलं, "हे बघा, चॅनेल म्हणजे रेडिओच्या स्टेशनासारखं. तबकडी एका वेळी एकाच चॅनेलवर बोलते. बाकीच्या चॅनेलवर कोण काय बोलतंय ते ऐकायचं, तर तेवढा वेळ तिला आपलं बोलणं थांबवावं लागतं. क्षणभर थांबली तर कुणाला कळत नाही. सारखी थांबायला लागली की लोकांचे फोन तुटतात."

"मग?"

"मग काही तबकड्या फक्त ऐकायला ठेवायच्या. त्या कुणालाच नेट देणार नाहीत. चॅनेलमागून चॅनेल ऐकत बसतील आणि अनोळखी काही दिसलं की मला कळवतील."

"ठेवा की मग!" कॅप्टन म्हणाले, जणू दोन खुर्च्याच इकडच्या तिकडे करायच्या होत्या. "आणि एक लक्षात घ्या. ज्याच्या वॉर्डात असलं यंत्र सापडेल, त्या इन्चार्जला मी वॉर्डातून काढायला लावणार. गय नाही."

प्रत्येक मजल्यावर एक तबकडी ऐकायला बसवायची ठरली. पण कुठली? साहेबांनी वापराचे आलेख काढले आणि ज्या तबकडीचा वापर सगळ्यात कमी, ती निवडायची असं ठरवलं. हिशेब अगदी रास्त होता. तिसऱ्या मजल्यावर तर विचारसुद्धा करावा लागला नाही. कॉरिडॉरच्या पार टोकाच्या तबकडीचा आलेख दिवसभर सपाट, फक्त संध्याकाळी एक मुंगीएवढा उंचवटा. "इथं तर चिटपाखरूही नाही," साहेब स्वतःशीच म्हणाले आणि बटण दाबलं. तबकडी बोलायची थांबली आणि ऐकू लागली. ती जिवंतच होती, त्यामुळे तिचा ठिपका हिरवाच राहिला. खरं तर फक्त ऐकणाऱ्या तबकडीचा दिवा जांभळा होतो, ते खाली उभं राहिलेल्या कुणालाही दिसलं असतं. पण दिवे डोळ्यांवर येतात, झोप लागत नाही, अशी रुग्णांची तक्रार आल्यावर साहेबांनीच ते सगळीकडचे बंद करून टाकले होते.

मग सुरू झाला खरा छळ. ऐकणाऱ्या तबकड्यांनी साहेबांवर हवेतलं सगळं आणून ओतलं. पाहुण्यांचे फोन, समोरच्या हॉटेलचं वायफाय, रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या गाड्या, कुणाचं तरी बोलणारं घड्याळ. नावं तरी काय एकेक! 'पासवर्ड मागू नये', 'आधी नमस्कार करा', 'फुकट्यांनो जागे व्हा'. एका नावाचा माग काढत साहेब चार जिने चढून गेले, तर तो एका पेशंटच्या मेहुण्याचा फोन निघाला. मेहुणा खुशीनं म्हणाला, "तुम्हाला पण हवंय का नेट? जोडून देतो." साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अनोळखी, संशयित, अनोळखी, संशयित. पडद्याच्या कोपऱ्यातली ती यादी नुसती वाहत होती, आणि कॅप्टन येता-जाता दारातून विचारत होते, "सापडला का?"

त्यात तिसऱ्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टरांनी फोनचा सपाटा लावला.

या सिस्टर म्हणजे बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांची अख्खी नोकरी त्याच एका वॉर्डात गेलेली. तिथला पडदा कुठल्या बाजूला सरकवायचा आणि पाण्याचा तांब्या कुठं ठेवायचा, हेही त्यांनीच ठरवलेलं. साहेबांचं आणि त्यांचं पहिल्यापासून विस्तव आणि पाणी.

"टोकाच्या खोलीत नेट नाही."

"इकडे हिरवं आहे, सिस्टर."

"तुमच्याकडे हिरवं असेल हो. खोलीत नाही."

"पेशंटचा फोन बंद करून चालू करा."

"केला."

"परत करा," म्हणून साहेबांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी सिस्टरांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "हिरवं आहे, हिरवं आहे!" असं ओरडले आणि रिसीव्हर इतका आपटला की लाँड्रीतला माणूस डोकावून गेला. त्यानंतर सिस्टरांचे फोन बंद झाले. साहेबांना वाटलं, एकदाची कटकट मिटली.

आणि मग एका दुपारी पडद्यावर नाव उगवलं: 'घर'.

साहेब खुर्चीत ताठ झाले. हे काही पाहुण्याचं नव्हतं. हे जागचं हलत नव्हतं, आणि तपासून पाहिलं तर चक्क इस्पितळाच्याच तारेवर बसलं होतं. कॅप्टन ज्याच्या नावानं शंख करत होते, तेच. सगळ्यात खणखणीत ऐकलं होतं तिसऱ्या मजल्याच्या टोकाच्या तबकडीनं. साहेबांना काय आनंद झाला म्हणता! एवढ्या दिवसांच्या चिडचिडीचं चीज झालं होतं. त्यांनी लगेच कॅप्टनना फोन लावला, "सापडला! तिसरा मजला, टोकाची खोली," आणि पायऱ्या चढू लागले. सिस्टरांना चार शब्द सुनवायची तयारी त्यांनी जिन्यातच केली.

यंत्र शोधावं लागलं नाही. टोकाच्या खोलीबाहेर सिस्टरांचं टेबल होतं, त्याच्यामागे भिंतीतल्या सॉकेटला एक जुना राउटर जोडलेला होता. वर धूळ बसू नये म्हणून त्याला क्रोशाचा रुमालही घातला होता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"राउटर. माझ्या घरचा."

"कुणाच्या परवानगीनं?"

"तुम्हाला सांगून दमले. तुम्ही म्हणालात हिरवं आहे."

"सिस्टर, अहो, या तारेवर सगळ्या पेशंटची माहिती असते! खाली पार्किंगमध्ये बसलेला माणूससुद्धा यातून आत शिरेल. पासवर्ड तरी काय ठेवलाय?"

"एक ते आठ."

साहेबांनी कपाळावर हात मारला. मग तोंड सोडलं ते सोडलंच. बेजबाबदारपणा काय, अडाणीपणा काय, जे जे जिन्यात ठरवलं होतं ते सगळं बोलून झालं. सिस्टरांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "हळू बोला. आणि इकडे या."

त्यांनी साहेबांना काचेपाशी नेलं. आतली खोली दुहेरी दारांची, जाड भिंतींची. रक्ताच्या आजारावरचा मोठा उपचार झालेल्या पेशंटला तिथं ठेवत. बाहेरचा जंतू जाऊ नये म्हणून आत कुणालाच सोडत नसत, लहान मुलांना तर मजल्यावरसुद्धा नाही. पलंगावर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई बसली होती. अंगात त्राण नव्हतं, फोन दोन्ही हातांनी धरलेला. फोनच्या पडद्यावर एक लहान मुलगी तोंड वासून नुकताच पडलेला दात कुठला ते दाखवत होती.

"हिची लेक," सिस्टर म्हणाल्या. "आजीकडे असते. आई आत आल्यापासून दोघींची भेट ही एवढीच. रोजचा फोन संध्याकाळी. आज दात पडला म्हणून आत्ताच लावलाय. मोबाइलची रेंज या भिंतींतून येत नाही, काचेतून तुमचं वायफाय यायचं तेवढंच. तेही गेलं. पोरीला वाटलं, आई गेली आणि सगळे आपल्यापासून लपवताहेत. आजीनं किती समजावलं, पटेचना. जेवण सोडून बसली. मग काय करू मी? तुमच्या हिरव्याची वाट बघत बसू?"

 साहेबांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. डोक्यावरच त्यांची तबकडी होती, हात वर केला तर लागेल इतकी जवळ, आणि फोनवर तिचं नाव कुठंच नव्हतं. 'घर' मात्र दिसत होतं, पुऱ्या ताकदीनं. साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. आणि मग त्यांना तो आलेख आठवला. दिवसभर सपाट, संध्याकाळी मुंगीएवढा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे ही मुलगी होती.

चोर पकडायला त्यांनी जो कान लावला होता, त्यानंच या खोलीचं नेट तोडलं होतं. नेट तुटलं म्हणून राउटर आला, आणि तो त्याच कानानं पकडला. म्हणजे एवढे दिवस ते ज्याच्यामागे जीव तोडून धावत होते, तो चोर त्यांनी स्वतःच जन्माला घातला होता. साहेबांना स्वतःचाच इतका संताप आला की काय आपटावं ते सुचेना.

तेवढ्यात बुटांचा आवाज करत कॅप्टन पोहोचले. "हाच का तो?" म्हणत त्यांनी टेबलामागे हात घातला.

"थांबा," साहेब म्हणाले. "फोन चालू आहे. मी खाली जाऊन आधी वरची तबकडी नेट द्यायला लावतो, मग काढा तार."

"पुरावा आहे तो!"

"पुरावा कुठं पळून जात नाही. फोन संपू दे."

कॅप्टननी डोळे वटारले, पण हात मागे घेतला. जाताना सिस्टरांना सांगून गेले, "उद्या सकाळी अधीक्षक मॅडमसमोर. आणि या वॉर्डाच्या किल्ल्या तयार ठेवा." सिस्टर उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. कमरेच्या किल्ल्यांवर मात्र त्यांचा हात गेला होता, तो साहेबांनी पाहिला.

रात्री साहेब ताटातला भात नुसता चिवडत बसले. गप्प बसणं सोपं होतं. ऐकणारी तबकडी आणि बोलणारी तबकडी यांतला फरक इस्पितळात त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नव्हता, आणि कॅप्टनना समजावून सांगितलेलं कॅप्टन त्याच संध्याकाळी विसरले होते. पडदा हिरवा होता, हे तर शंभर टक्के खरं होतं. शेवटी बायकोनंच विचारलं, "काय झालंय?" आणि कधी नव्हे ते त्यांनी सगळं सांगितलं.

"ती सिस्टर तुम्हाला रोज विचारत होती," ती म्हणाली. "उद्या तरी तिला उत्तर द्या."

सकाळी अधीक्षक मॅडमच्या टेबलावर तो राउटर ठेवला होता, रुमालासकट. कॅप्टननी उभं राहून सगळा गुन्हा खणखणीत आवाजात सांगितला. नियम मोडला, सुरक्षितता धोक्यात घातली, इन्चार्जला वॉर्डातून काढा.

"का केलंत?" मॅडमनी सिस्टरांना विचारलं.

"नेट नव्हतं, मॅडम."

"होतं!" कॅप्टन म्हणाले. "पडद्यावर सगळं हिरवं होतं. साहेबांनी स्वतः त्यांना सांगितलंय. विचारा."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी जे वाक्य इतरांच्या तोंडावर मारलं, ते आता त्यांच्याच तोंडात अडकलं होतं.

"हिरवं होतं," ते म्हणाले. "पण नेट नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती तबकडी फक्त ऐकायला कुणी लावली, का लावली, आलेख कसा पाहिला.

"पण हे तर मी सांगितलं म्हणून..." कॅप्टन जरा चाचरले.

"तुम्ही ठेवा म्हणालात. कुठली ठेवायची ते मी ठरवलं, खाली खुर्चीत बसून. एकदा जिना चढून वर गेलो असतो तर कळलं असतं. यांनी तीनदा सांगितलं, तरी नाही गेलो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सिस्टरांना त्यांनी सज्जड ताकीद दिली, एक ते आठ या पासवर्डबद्दल वेगळी आणि जास्त सज्जड, पण वॉर्ड त्यांच्याकडेच ठेवला. तशीच ताकीद साहेबांनाही मिळाली. शिवाय कुठलीही तबकडी ऐकायला बसवण्याआधी तिच्याखाली जाऊन उभं राहायचं आणि तिथल्या माणसाला विचारायचं, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर साहेबांना वाटलं, सिस्टर निदान एक चांगला शब्द बोलतील. सिस्टरांनी राउटर काखेत मारला. "तुम्ही आधीच वर आला असतात तर हा घरून उचलून आणावा लागला नसता," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस घरी नेट नाही म्हणून नवऱ्यानं माझं डोकं खाल्लंय." आणि तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी तळघरातला फोन वाजला. "तिसऱ्या मजल्यावर या," सिस्टरांचा आवाज.

साहेबांची नजर सवयीनं पडद्याकडे गेली. वाक्य पार ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "येतो," म्हणाले.

वर सिस्टरांनी न बोलता त्यांच्या हातात टोपी आणि मास्क दिला आणि काचेपाशी उभं केलं. आतलं बोलणं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू यावं म्हणून काचेला एक छोटा स्पीकर होता. आतल्या बाईनं हसून फोन काचेकडे वळवला. पडद्यावर ती मुलगी होती, दात पडलेली, मोठ्या गंभीर चेहऱ्याची.

"आईला बंद करणारे काका हेच का?" तिनं विचारलं.

साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर एकदम चादरीची घडी घालण्यात गर्क झाल्या होत्या.

"हो," साहेब म्हणाले. "मीच तो."

मुलगी थोडा वेळ त्यांना निरखत राहिली. "मग तुम्ही आता जाऊ नका," ती म्हणाली. "माझं सगळं सांगून होईपर्यंत इथंच उभे राहा."

तिला पुष्कळ सांगायचं होतं. साहेबांच्या खिशातला फोन दोनदा वाजला, कुठल्यातरी मजल्यावर नेट नव्हतं. "ऐकलं, येतो. इथलं झालं की येतो," असं दोन्ही वेळा हळूच म्हणून ते तबकडीखाली उभे राहिले.